‘द कॅट रिटर्न्स’ बघून लेकीने विचारलं, हारू मांजरांच्या राज्यातच राहिली असती तर काय बिघडलं असतं?

गोदाकाठची_आई

नमस्कार मंडळी, सिनेमाच्या धाग्यावर मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची लेक सात वर्षांची, मांजरवेडी. सोसायटीतल्या सगळ्या मांजरांना नावं देऊन झालीत. परवा रविवारी पाऊस होता म्हणून नेटफ्लिक्सवर जिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचा ‘द कॅट रिटर्न्स’ लावला, सव्वा तासाचाच आहे म्हणून निवडला खरं तर, म्हटलं जेवणाआधी संपेल. इंग्रजी आवाजात बघितला. तिला जेवढं कळत नव्हतं तेवढं मी सांगत होते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हारू नावाची शाळकरी मुलगी, सकाळी उठायला उशीर, शाळेत उशीर, सगळीकडेच गोंधळ. एक दिवस रस्त्यात ट्रकखाली येणारं मांजर ती मैत्रिणीच्या लॅक्रॉस खेळायच्या जाळीवाल्या काठीने उचलून वाचवते. ते मांजर दोन पायांवर उभं राहतं, अंगावरची धूळ झटकतं आणि वाकून आभार मानतं. तो निघतो मांजरांचा युवराज. मग मांजरांचा राजा उपकार फेडायचे म्हणून तिच्यावर भेटींचा नुसता मारा करतो आणि शेवटी युवराजाशी तुझं लग्न लावतो म्हणून तिला उचलूनच नेतो. तिथे ती हळूहळू मांजर व्हायला लागते, कान येतात, मिशा येतात, हाताचे पंजे होतात. बॅरन नावाचा सुटाबुटातला मांजर-पुतळा, मुटा नावाचा जाड्या पांढरा बोका आणि तोतो नावाचा कावळा तिला सोडवून आणतात.

मला वाटलं होतं लेक मिशा येण्याच्या सीनला घाबरेल. अजिबात नाही. उलट संपल्यावर रडायलाच लागली आणि म्हणाली, "ती परत का आली? तिथे ऊन होतं, गवत होतं, शाळा नव्हती, आणि ती मांजर झाली होती! राहिली असती तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं अगं तिची आई इकडे होती ना. तर म्हणे आईलाही न्यायचं. यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि गेले चार दिवस रोज झोपताना हाच प्रश्न चालू आहे. तिला थातुरमातुर काही सांगायचं नाहीये, खरंच विचारतेय ती. तुम्ही काय सांगितलं असतं?

आणि एक, याआधीचा कुठला भाग आहे का? तो आधी बघायला हवा होता का?

मनीची_मावशी_डोंबिवली

ताई, लेकीला माझ्याकडून एक पापा!! मी हा सिनेमा सहा-सातदा तरी पाहिलाय आणि माझ्या घरी तीन मांजरं आहेत त्यामुळे मी या विषयात एका बाजूचीच आहे हे आधीच सांगते.

उत्तर म्हणाल तर मला वाटतं त्या भेटींमध्येच आहे. आठवा काय काय देतात ते. अंगणभर ते तुऱ्यांचं गवत उगवतं, ज्याने मांजराला खेळवतात तसलं. तिच्या खिशात मांजरांना वेड लावणारी वनस्पती, त्यामुळे गावातली सगळी मांजरं तिच्या मागे. शाळेच्या लॉकरमध्ये सुबक बांधलेल्या डब्यांतून जिवंत उंदीर! हे सगळं मांजराला हवं असतं, तिला नाही. राजा तिला एकदाही विचारत नाही की बाई तुला काय पाहिजे. आमची मोठी मनी अशीच आहे, मी आजारी असले की पाल मारून आणते आणि माझ्या उशीशेजारी ठेवते, आणि मी ओरडले की असा काही चेहरा करते की मलाच वाईट वाटतं. तिच्या दृष्टीने ती मला जेवण आणून देत असते. मांजर पाळणाऱ्या कोणालाही विचारा, तो लॉकरचा सीन मांजराचा स्वभाव ओळखणाऱ्याने लिहिलाय.

म्हणजे मांजरांचं राज्य छानच आहे, पण मांजरांसाठी. हारूला तिथे जी मजा मिळणार ती मांजराची मजा, आणि ती हवी तर आधी हारूच संपायला पाहिजे. मी तर लेकीला विचारेन की तुला मांजर व्हायचंय की मांजरांबरोबर राहायचंय? कारण मांजर झालीस की मांजरांचे लाड कोण करणार?

निहोंगो_पेठकर

मावशींनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी पुण्यात जपानी शिकतोय, चौथं वर्ष, आणि हा सिनेमा मी जपानीतून सबटायटल बंद करून बघायचा सराव केलाय म्हणून थोडं लांबण लावतो, माफ करा.

पहिली गोष्ट नाव. मूळ नाव आहे ‘नेको नो ओनगाएशी’. नेको म्हणजे मांजर, ओन म्हणजे उपकार आणि काएशी म्हणजे परतफेड. मांजराने केलेली उपकारफेड. इंग्रजी नावात हे पार हरवलंय, तिथे ‘परत येणं’ एवढंच उरलं. जपानी माणसाला हे नाव ऐकल्याबरोबर ‘त्सुरु नो ओनगाएशी’ आठवतं, ती त्यांच्याकडची सगळ्या पोरांना माहीत असलेली लोककथा. एक गरीब माणूस सापळ्यात अडकलेल्या करकोच्याला सोडवतो, मग एक बाई त्याच्या घरी येते आणि बंद खोलीत बसून सुंदर कापड विणून देते, फक्त आत बघायचं नाही ही अट. शेवटी न राहवून आत बघतात तर करकोचा स्वतःची पिसं उपटून कापड विणत असतो. म्हणजे तिथे उपकार फेडणारा स्वतःचं अंग देतो. इथे राजा स्वतःचं काहीच देत नाही, उलट जिच्यावर उपकार फेडायचे तिलाच घेऊन जातो. माझ्या मते अख्खा सिनेमा त्या जुन्या गोष्टीची बाजू उलटी करून बघतो.

त्यात गंमत अशी की जपानीत म्हण आहे, कुत्र्याला तीन दिवस सांभाळलं तर तो तीन वर्षं उपकार विसरत नाही आणि मांजराला तीन वर्षं सांभाळलं तरी ते तीन दिवसांत विसरतं. म्हणजे मांजर आणि ओनगाएशी हे दोन शब्द शेजारी ठेवले की तिथल्या माणसाच्या भुवया वर जातातच. आणखी एक म्हण, ‘नेको नि कोबान’, मांजरापुढे सोन्याची नाणी, म्हणजे आपलं गाढवाला गुळाची चव काय. राजाच्या भेटी बरोब्बर याच्या उलट आहेत, माणसापुढे उंदीर.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. जपानी आवाजात एक गोष्ट फार स्पष्ट ऐकू येते. मांजरांचं राज्य म्हणजे ज्यांना स्वतःचा वेळ जगता येत नाही त्यांची जागा, असं तिथे म्हटलेलं आहे, आणि बॅरन हारूला सांगतो की तू तुझा वेळ जग, स्वतःला हरवू नकोस. ‘जिबुन नो जिकान’, आपला स्वतःचा वेळ. हारू सुरुवातीला रोज उशिरा उठते ना, ते फक्त हसवायला नाहीये. तिचा वेळ तिच्या हातातच नाही, तो तिच्या पुढे पळतोय आणि ती मागून. बाहेर पडायची मुदतही वेळेचीच आहे, पहाट व्हायच्या आत निघायचं नाहीतर कायमचं मांजर. आणि तिचं होकार देणंही बघा. आवडता मुलगा दुसऱ्या मुलीबरोबर दिसलेला असतो, मन उदास, त्यात तो निरोप्या मांजर येऊन राज्याचं वर्णन करतो आणि ही अर्धवट तंद्रीत बरं वाटेल तिथे अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटते. तो म्हणतो ठरलं! म्हणजे तिने हो म्हटलेलंच नाही. कोणीतरी तिच्या वतीने ऐकून घेतलं.

म्हणून मी म्हणेन, राहायला हरकत नव्हती, पण तिने ठरवून राहायला पाहिजे होतं. तिथे ती वाहत गेली होती.

आधीच्या भागाबद्दल, आहे पण आणि नाही पण. १९९५ चा ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’, त्यात शिझुकु नावाची मुलगी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात हा बॅरनचा पुतळा बघते आणि त्याच्यावर गोष्ट लिहायला घेते. ‘कॅट रिटर्न्स’ ही शिझुकुने लिहिलेली गोष्ट आहे असं समजून बघतात. जाड्या बोकाही दोन्हीकडे आहे. पण तो सिनेमा थोडा मोठ्या मुलांचा, बारा-तेरा वर्षांच्या. आधी बघायची अजिबात गरज नाही.

फ्रेम_बाय_फ्रेम

इथे सगळे एवढे प्रेमाने लिहिताहेत, पण मला वेगळं वाटतं म्हणून लिहितो. जिब्लीच्या मापाने मला हा सिनेमा कमी पडतो. जिब्लीचे नावाजलेले दिग्दर्शक मियाझाकी, त्यांचा नाही हा, हिरोयुकी मोरिता यांचा आहे, २००२ चा, आणि बॅकग्राउंडमध्ये तो भरगच्चपणा नाही, माणसांचे चेहरे साधे, छाया कमी. मुळात एका थीम पार्कने मांजरांवर वीसेक मिनिटांची फिल्म मागितली होती, मियाझाकींनी त्यात बॅरन, जाड्या बोका आणि गूढ दुकान एवढं घ्यायचं ठरवून आओइ हिइरागी यांना त्यावर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढायला सांगितलं (‘व्हिस्पर’चा मांगा पण त्यांचाच), मग पार्कने माघार घेतली आणि स्टुडिओने नव्या दिग्दर्शकांना आजमावायला तो प्रोजेक्ट पुढे नेला. मोरिता तोपर्यंत ॲनिमेटर होते. त्यांनी नऊ महिन्यांत पाचशेवर पानांचा स्टोरीबोर्ड (सीनवार कच्ची चित्रं) काढला आणि मग पूर्ण लांबीचा सिनेमा झाला. माझं म्हणणं, ती वीस मिनिटं कुठेतरी अजून जाणवतात. शेवट फार पटापट होतो, राजाचा काही निकाल लागत नाही, तो बुरूज उडवतो आणि मग म्हणतो आता मी निवृत्त होतो. एवढ्या गंभीर प्रश्नाला ‘स्वतःचा वेळ जग’ एवढं एक वाक्य पुरत नाही. मुलीला पटलं नाही त्यात मला तिची चूक दिसत नाही, सिनेमानेच तिला पुरेसं दाखवलं नाही की हारूला घरी काय मिळणार आहे.

गोदाकाठची_आई

@फ्रेम_बाय_फ्रेम हो!! तुम्ही नेमकं माझ्या मनातलं लिहिलं. तिला इकडचं काय आवडावं हे दिसलंच नाही. शाळेत सगळे हसतात, तो मुलगा भाव देत नाही. मांजरांकडे निदान पंगत आहे, नाच आहे. @निहोंगो_पेठकर होकाराचं माझ्या लक्षातच नव्हतं आलं, परत बघते.

एकनिष्ठ_कोकणी

फ्रेमसाहेब तुमचा मुद्दा मान्य पण ‘कमी पडतो’ मान्य नाही. त्या वर्षी जपानी सिनेमांमध्ये सगळ्यात जास्त कमाई याचीच होती, लोकांनी डोक्यावर घेतला तो काही नुसता मांजरांसाठी नाही. भरगच्च बॅकग्राउंड नाही म्हणून तर तो हलका वाटतो, आणि गोष्टच हलक्या पावलाची आहे. शेवटी ते तिघे आकाशातून खाली पडत असतात आणि तोतो शेकडो कावळे घेऊन येतो, कावळ्यांचा जिना होतो आणि ही त्यावरून धावत शाळेच्या गच्चीवर उतरते, ते बघताना मी पन्नाशीचा माणूस खुर्चीत पुढे सरकलो होतो. आपल्याकडे कावळ्याला पिंडापुरतं बोलवतात. इथे अख्खा थवा एका मुलीला वाचवायला आला.

नागोया_मुक्काम

उशिरा बघितला धागा. मी मूळचा सोलापूरचा, सहा वर्षं झाली नागोयाजवळ राहतोय, इथल्या कारखान्यात कामाला. मुलगी आठ वर्षांची, त्यामुळे जिब्लीचं आमच्याकडे घरोघरी मातीच्या चुली.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आमच्या शेजारच्या नागाकुते गावात २०२२ च्या नोव्हेंबरात जिब्ली पार्क सुरू झालं, २००५ च्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर. लिनिमो नावाची चुंबकावर तरंगत जाणारी गाडी थेट पार्कच्या दाराशी सोडते. त्यात ‘तारुण्याची टेकडी’ असा एक भाग आहे, तिथे ‘व्हिस्पर’मधलं जुन्या वस्तूंचं दुकान खरंखुरं बांधलंय आणि त्याच्या बाजूला मांजरांची कचेरी, सिनेमात बॅरन राहतो ती! मांजरांच्या मापाची. आपण वाकून खिडकीतून आत बघायचं, आत बॅरन आणि मुटा. माणसाने आत जायचं नाही कारण मावतच नाही. माझी मुलगी पंधरा मिनिटं त्या खिडकीशी गुडघ्यावर बसून होती.

तेव्हा मला सिनेमातला तो सीन कळला. हारू पहिल्यांदा कचेरीत जाते तेव्हा तीही दारातून अंग चोरून, वाकून आत शिरते आणि डोकं छताला लागतं. बॅरन तिला चहा देतो, स्वतः मिसळलेला, आणि म्हणतो याची चव दर वेळी थोडी वेगळी येते, त्याची हमी नाही. पुढे मांजरांच्या राज्यात गेल्यावर ती नेमकी त्यांच्या मापाची होऊन बसते, सगळं फिट बसतं. कचेरीत ती पाहुणी होती, अवघडलेली, पण हारूच होती. राज्यात तिला जागा मिळाली तेव्हा ती हारू राहिली नव्हती. मी माझ्या मुलीला हेच सांगितलं, जिथे तुला बसायला लहान व्हावं लागतं तिथे जाऊन ये, चहा पी, परत ये. परदेशात राहणाऱ्याला हे जरा जास्तच लागतं असेल, मला माहीत आहे. इथे मी आडनावाने ओळखला जातो, नमस्कार सोडून वाकायला शिकलो, जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाताना पहिली दोन वर्षं कोपरा शोधत होतो. आता नाही शोधत.

@फ्रेम_बाय_फ्रेम घरी काय मिळतं ते दाखवलंय हो, पण अगदी थोडक्यात. हारूची आई घरी बसून कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवते, ते काम चालू असतानाच ती हारूला आठवण करून देते की लहानपणी तू एका मळलेल्या उपाशी पिल्लाला तुझी माशाच्या आकाराची बिस्किटं खाऊ घातली होतीस. ते पिल्लू म्हणजे युकी, राजवाड्यातली पांढरी मांजर, जिने हारूला सावध केलं आणि शेवटी जिच्याशी युवराजाचं लग्न ठरतं. आणि युवराज ट्रकसमोर तोंडात जो डबा घेऊन चालला होता त्यात युकीसाठी तीच बिस्किटं होती. खरी उपकारफेड युकीची आहे. ती काही आणून देत नाही, इथून लगेच निघ म्हणून सावध करते. राजाच्या सगळ्या गाड्याभर भेटींपेक्षा ते मोठं.

जमलं तर जपानी आवाजात एकदा लावा. इंग्रजीत हारूला आवाज देणारी ॲन हॅथवे छान आहे, पण जपानीत चिझुरु इकेवाकीचा आवाज खरंच झोपेतून उठलेल्या पोरीसारखा आहे. आणि शेवटचं गाणं, उकुलेलेवरचं, ‘काझे नि नारु’, वारा होणं. आमच्या गाडीत तेच चालू असतं.

साताऱ्याची_आजी

माझ्या नातीने लावून दिला म्हणून काल बघितला, तुमचा धागा वाचून. मला जपानचं काही कळत नाही पण आग्रह कळतो. आमच्या वेळी पाहुण्याला पानात वाढत राहायचे, नको म्हटलं तरी हात आडवा घातला तरी वाढायचे, आणि तो प्रेमाने खातोय असं समजायचे. मी स्वतः तशी वाढलेय लोकांना, जिलब्या. तो राजा मला आमच्या एका दूरच्या सासऱ्यांसारखा वाटला, प्रेमळच पण कोणाचं ऐकून घेणार नाही. आणि लग्नाचं म्हणाल तर युवराजाचं जमत नाही म्हटल्यावर तो म्हातारा बोका तिला म्हणतो मग माझ्याशीच कर! तेव्हा ती पोर स्पष्ट तोंडावर नाही म्हणते. सुरुवातीला जिला साधं नको म्हणता येत नव्हतं ती. मला तिथे फार बरं वाटलं. सात वर्षांच्या मुलीला तो सीन दोनदा दाखवा.

गोदाकाठची_आई

आजी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. सगळ्यांचेच आभार, मी एवढी अपेक्षाच केली नव्हती.

काल परत बघितला, या वेळी जपानी आवाजात, आणि मी खालची अक्षरं वाचून मराठीत सांगत बसले. मध्ये मध्ये थांबवत होते. उंदरांच्या डब्यांपाशी थांबवून विचारलं हे तुला आवडेल का, तर म्हणाली शी. मग होकाराच्या सीनला थांबवलं आणि विचारलं, ती हो म्हणाली का गं? तर लेक म्हणाली, "नाही, ती दमली होती." मला तर यापुढे काही सांगायची गरजच उरली नाही. आजींनी सांगितलेला सीन दोनदा लावला, तिसऱ्यांदा तिने स्वतः लावला आणि हारूबरोबर "नाही" म्हणाली, जोरात, शेजारी ऐकू गेलं असेल.

आणि फ्रेमसाहेब, शेवटी एक छोटीशी जागा आहे जी मी पहिल्या वेळी पूर्ण चुकवली होती. हारू लवकर उठलेली असते, केस कापलेले, आणि आईला चहा करून देते, स्वतःचा खास मिसळलेला, बॅरनसारखा. आई चकित. लेकीने ते बरोब्बर पकडलं. आज सकाळी सव्वासहाला उठून ओट्याशी उभी होती, म्हणे मी चहा मिसळणार. गॅस मी लावला, बाकी तिने. आलं, वेलची, गवती चहा आणि डब्यात सापडलेली बडीशेप. प्यायलो आम्ही.

पण आता नवीन प्रश्न आलाय. मुटा तर मांजरच आहे, तिथलाच आहे, मग तो का नाही राहिला?

मनीची_मावशी_डोंबिवली

अगं बाई, तो तर तिथला नामचीन गुन्हेगार, रेनाल्डो मून! एका तळ्यातले सगळे मासे एकट्याने खाऊन पळालेला. पण लेकीला सांगा की ते कारण नाही. तिथे तोतो नाहीये ना. रोज भांडायचं कोणाशी?